सव्वा वर्षाच्या पोटरीने कोणते पाप केले होते?



सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरात दोन वाक्ये हमखास ऐकायला मिळतात. पहिले वाक्य आजी, शेजारीण किंवा गावाकडून आलेला पाहुणा बोलतो : "मागच्या जन्मीचे भोग आहेत, दुसरे काय!" दुसरे वाक्य शिकलासवरलेला माणूस बोलतो : "मेंदूचा प्रॉब्लेम आहे, आता काही होणार नाही." दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या वस्त्यांत काम करताना ही दोन्ही वाक्ये आमच्या कानांना सवयीची झाली आहेत. एक वाक्य धर्माच्या भाषेत आहे, दुसरे विज्ञानाच्या भाषेत. परिणाम मात्र दोन्हींचा एकच होतो. घर हातपाय गाळून बसते आणि व्यवस्था जबाबदारीतून मोकळी होते.

आमचे म्हणणे असे आहे की ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत. ती खोटी का, हे त्या मुलाची पोटरी सांगते. म्हणून आज आम्ही पोटरीवर लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, समाजशास्त्राचे विद्यार्थी आहोत. पण शरीर कसे वाढते आणि कोणाचे वाढायचे राहते, हा प्रश्न समाजशास्त्राचाही आहे आणि आंबेडकरी चळवळीचाही.

आधी शरीराचे समजून घेऊ. सेरेब्रल पाल्सी म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला झालेली इजा. अकाली जन्म, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणे, तान्हेपणी मेंदूत गेलेला संसर्ग, वेळेत उपचार न झालेली तीव्र कावीळ ही तिची काही कारणे. तिच्या प्रकारांत स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठर होण्याचा प्रकार, सर्वांत जास्त आढळतो. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातही सेरेब्रल पाल्सीची व्याख्या 'न वाढणारी अवस्था' अशीच आहे. ही व्याख्या बरोबर आहे, पण ती मेंदूपुरती. मेंदूतली इजा वाढत नसली तरी मूल वाढत असते, आणि खरी गोम इथेच आहे.

पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघ्याच्या वरून निघतो, खालचा सोलिअस गुडघ्याच्या खालून. दोघे मिळून टाचेमागच्या जाड शिरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. चालताना शरीर पुढे ढकलायचे, चवड्यांवर उभे राहायचे, तोल सावरायचा, ही सगळी कामे त्यांची. मूल वाढते तसे नडगीचे हाड लांब होते आणि हाडाच्या ओढीने स्नायूलाही लांब व्हावे लागते. स्नायूचा प्रत्येक तंतू सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म कड्यांच्या साखळीसारखा असतो. हाड लांबले की साखळीत नव्या कड्या जोडल्या जातात. मूल उभे राहिले, पळाले, उड्या मारल्या, अंगाचे वजन पायांवर आले, की तंतू जाडही होतात.

स्पास्टिक मुलात हे गणित बिघडते. मेंदूकडून येणारे आदेश अपुरे आणि गोंधळलेले असतात, त्यामुळे पायाची हालचाल कमी होते आणि तीही एकाच ठरावीक पद्धतीने होते. हाड लांबत जाते, पण साखळीत कड्या पुरेशा जोडल्या जात नाहीत. आहेत त्याच कड्या ताणल्या जातात. आखडलेल्या स्नायूंच्या तपासणीत, वाढीला आणि दुरुस्तीला लागणाऱ्या सॅटेलाइट पेशीही कमी आढळल्या आहेत. स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट जोडऊतक वाढते. पोटरी बारीक राहते, आखूड राहते, टाच जमिनीला टेकत नाही आणि मूल चवड्यांवर चालू लागते.

वस्तीत एक मोठा गैरसमज आहे. पाय कडक लागतो म्हणजे त्यात ताकद आहे, फक्त तो 'मोकळा' करायला हवा. म्हणून मालिशवाली जोर लावून ओढते आणि पोर किंचाळते. वस्तुस्थिती उलट आहे. तो स्नायू ताठही असतो आणि कमजोरही असतो. त्याची अडचण केवळ आखडण्याची नसून वाढीचीही आहे.

आता वयाचा मुद्दा पाहा. २०१६ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी लहान मुलांच्या पोटऱ्या सोनोग्राफीने मोजल्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पोटरीतल्या आतल्या बाजूच्या स्नायूची वाढ साधारण पंधरा महिन्यांच्या वयापासूनच मागे पडलेली त्यांना दिसली. पंधरा महिने म्हणजे सव्वा वर्ष. या वयात आपल्या घरांत काय बोलणे चालू असते? "मुलगा आहे, उशिरा चालेल." "ह्याचा बापही दोन वर्षांनी चालला होता." रोगाचे नावही घरात आलेले नसते आणि पोटरी मागे पडायला लागलेली असते. म्हणजे मेंदूची इजा एकदाच झाली, पण पोटरीची उपासमार त्यानंतर रोज चालू आहे. जे रोज घडते आहे ते रोज थोडे अडवताही येते. "आता काही होणार नाही" हे वाक्य इथे खोटे ठरते.

लंडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात स्पास्टिक सेरेब्रल पाल्सीच्या मुलांकडून दहा आठवडे पोटरीच्या ताकदीचे व्यायाम करून घेतले गेले. पोटरीचे आकारमान वाढले. त्याने मुलांचे चालणे एकदम बदलून गेले असे नाही, आणि आम्ही कोणाला चमत्कार विकायला बसलेलो नाही. पण तो स्नायू मेलेला नाही, काम दिले तर तो प्रतिसाद देतो, एवढे त्यातून कळते. ज्यांच्याबद्दल 'यांच्याकडून काही होणार नाही' असे हजारो वर्षे ठरवून टाकले गेले होते त्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. संधीच दिली नाही आणि मग क्षमता नाही म्हणून सांगितले, हा खेळ आपल्या ओळखीचा आहे.

आता पहिल्या वाक्याकडे, भोगाकडे येऊ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत साफ नाकारला आहे. गरिबाच्या आणि खालच्या मानलेल्या माणसाच्या दुर्दशेची जबाबदारी राज्यावर किंवा समाजावर येऊ नये, यासाठीच हा सिद्धांत उपयोगी पडतो, हे त्यांनी ओळखले होते. बाळंतपणात दवाखाना लांब होता, रिक्षा मिळाली नाही, बाळ उशिरा रडले, काविळीकडे लक्ष गेले नाही, यातली प्रत्येक गोष्ट या जन्मातली आहे आणि यातल्या बहुतेक गोष्टींना पत्ता आहे, खाते आहे, अंदाजपत्रक आहे. 'भोग' म्हटले की तो पत्ताच पुसला जातो.

हे आम्ही केवळ मनुवाद्यांना उद्देशून लिहीत नाही. ज्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे, दारावर निळा झेंडा आहे, त्या घरातली पोरेही अंगाऱ्याला, नवसाला, कुठल्या तरी बाबाच्या पायावर घालायला नेलेली आम्ही पाहिली आहेत. २२ प्रतिज्ञा भिंतीवर आणि पोराच्या दंडाला गंडा! त्या आईला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. फिजिओथेरपिस्ट तिच्या वस्तीत नाही, बाबा आहे. विज्ञानाने रिकामी ठेवलेली जागा बाबा भरतो. म्हणून बाबाला शिव्या देण्याआधी ती जागा कोणी रिकामी ठेवली, हे विचारले पाहिजे.

भोगाचाच दुसरा, गोड चेहरा म्हणजे 'दिव्यांग' हा शब्द. सरकारी कागदावर तो आहे, त्यामुळे अर्ज भरताना आम्हीही तो लिहितो. पण त्यामागची खोड ओळखली पाहिजे. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणून देवाची माणसे ठरवले गेले आणि पाणवठा मात्र खुला झाला नाही. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले होते. ज्याला हक्क द्यायचा नाही त्याला देवत्व द्यायचे, ही जुनी युक्ती आहे. त्या पोटरीत दिव्य काही नाही. तिला बूट हवा आहे, पट्टा हवा आहे, थेरपिस्ट हवा आहे आणि तो वेळेवर हवा आहे.

वेळेवर म्हणजे काय, हे आपल्या नवी मुंबईच्या नकाशावर पाहू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि हे नियोजित शहर उभे राहिले. १ जानेवारी १९९२ पासून महापालिका आली. सेक्टर, नोड, चौपदरी रस्ते, सगळे आखून. पण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका बाजूला नोड आहेत आणि दुसऱ्या बाजूला एमआयडीसीच्या जमिनीवर, डोंगराच्या पायथ्याशी, दगडखाणींच्या कडेला आपल्या वस्त्या आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, नाक्यावर उभी राहणारी, सोसायट्यांत धुणीभांडी करणारी, एपीएमसीत ओझी वाहणारी माणसे तिथे राहतात. त्यात बौद्ध, मातंग, वडार, मुस्लिम, भटके, सगळे आहेत.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक उपचार व पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे. दिघ्याच्या आईने तिथे जायचे ठरवले तर काय करावे लागते? दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, तेवढी एक सोय झाली. तिथून ठाणे. ठाण्याला गाडी बदलून दादर. दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे. मग महालक्ष्मी आणि तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. कडेवर पाच वर्षांचे ताठर पोर, ज्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. हे सगळे परतीलाही. एका दिवसाची मजुरी गेली, आणि घरकामाच्या ठिकाणी चार खाडे झाले की काम गेले. ती दोन महिने जाते आणि मग थांबते. फाइलवर शेरा पडतो की पालक नियमित येत नाहीत. तिच्या पोटरीवर किती ओझे आहे, हे त्या फाइलीत कुठेच लिहिलेले नसते.

पोटरीला मात्र दोन महिन्यांनी भागत नाही. घोट्याचा पट्टा, ज्याला एएफओ म्हणतात, तो पाय वाढला की लहान होतो, बदलावा लागतो. कधी काही आठवडे टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालून पोटरीचा ताण हळूहळू सैल करतात. बोटॉक्सच्या इंजेक्शनाने ताठरपणा काही महिने कमी होतो, पण ते स्नायूला कमजोरही करते. म्हणून त्या महिन्यांत व्यायाम झाला नाही तर पैसा वाया गेलाच, वर पोटरीचेही नुकसान. टाचेची शीर लांब करण्याचे ऑपरेशन काही मुलांना लागते. पण ते घाईने केले, शीर गरजेपेक्षा जास्त लांब झाली, तर पुढे मूल गुडघे वाकवून चालू लागते आणि ते सुधारणे फार अवघड जाते. यातला कोणताही उपाय एकदाच करून संपत नाही. सगळ्यांना पाठपुरावा लागतो.

आणि आपल्याकडे काय होते? शिबिर होते! कोणाचा तरी वाढदिवस असतो. मंडप, बॅनर, हार, रांगेत बसवलेली मुले, वाटलेले कॅलिपर, फोटो. पुढाऱ्याचा वाढदिवस वर्षातून एकदा येतो, मूल मात्र रोज वाढते. सहा महिन्यांनी पट्टा टोचायला लागतो आणि पलंगाखाली जातो. दान एकदाच होते, हक्क मात्र दर महिन्याला मागता येतो. दया आणि अधिकार यांतला हा फरक आपल्या तरुणांनी पोटरीवरून समजून घ्यावा.

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतील, "हा आजार तर कोणालाही होतो, ब्राह्मणालाही होतो. यात जात कुठे आली?" प्रश्न योग्य आहे. इजा जात पाहून होत नाही, हे खरे. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगत्वाचे प्रमाण २.२१ टक्के होते आणि अनुसूचित जातींत २.४५ टक्के. त्यात सेरेब्रल पाल्सीचा वेगळा रकानाच नव्हता, म्हणून त्या आकड्यावर आम्ही सगळा डोलारा उभा करणार नाही. आमचा मुद्दा इजेनंतरच्या दिवसांचा आहे. वाशी-नेरूळच्या फ्लॅटमधल्या मुलाकडे आठव्या महिन्यात थेरपिस्ट येतो, दिघ्यातल्या मुलाला तो चौथ्या-पाचव्या वर्षी दिसतो. मेंदूची इजा सारखीच असली तरी दहाव्या वर्षी दोघांचे पाय सारखे राहतील का? एकाला वेळ मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. आपल्या समाजात वेळही जातीने आणि वर्गाने वाटला जातो.

न्यायालयानेही हे ओळखले आहे. अनुसूचित जातीच्या एका अंध मुलीवरील अत्याचाराच्या पाटन जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मान्य केले की जात, लिंग आणि अपंगत्व एकाच देहावर एकत्र येतात तेव्हा अन्याय वेगळाच होतो, त्याचे सुटे तुकडे करून मोजता येत नाही. आणि बाबासाहेबांनी तर १९२८ सालीच, मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, कामगार आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे ही राष्ट्रहिताची गोष्ट आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलावा, अशी भूमिका घेतली होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. आईच्या पोटातल्या बाळापासून सुरू होणारे हे राजकारण आपलेच आहे. आपण ते मध्येच सोडून दिले.

राज्यघटनेकडे पाहा. मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा विचार होता, खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा ते चौदा वयासाठी. पहिली सहा वर्षे मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. २०१६ च्या कायद्यानेही लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते अठरा वयासाठी. पोटरी मागे पडते सव्वा वर्षाला, आणि हक्क दार उघडतो सहाव्या वर्षी! मधली पावणेपाच वर्षे कोणाच्या भरवशावर?

कागदावर उत्तर आहे. त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी सांगितली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातून, सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची रचना आहे. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालची 'निरामय' योजना सेरेब्रल पाल्सीच्या व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण देते, त्यात थेरपीचा खर्चही येतो. वाशीत महापालिकेचे अपंग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र आहे. म्हणजे महापालिका मनात आणले तर हे काम करू शकते. मग ते वाशीपुरते का? दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअरला का नाही?

दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची नोंद ठेवून, ठरावीक काळाने सांधे मोजून, खुब्यांचे एक्स-रे काढून पाठपुरावा करतात. तिथे या मुलांचा खुबा निखळण्याचे प्रमाण जवळजवळ संपले आणि आखडलेल्या सांध्यांची ऑपरेशनेही कमी झाली. स्वीडन श्रीमंत आहे म्हणाल तर बांगलादेश पाहा. तिथे २०१५ पासून गावागावांतून या मुलांची नोंदवही तयार होत आहे. निदानाचे सरासरी वय पाच वर्षांच्या आसपास आहे, हे कटू सत्य त्यांना त्या नोंदवहीमुळेच कळले. ज्याची नोंद नाही त्याचा हक्क मागता येत नाही, हे जनगणनेच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या चळवळीला ठाऊक आहे.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. नवी मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या प्रत्येक मुलाची प्रभागवार नोंदवही हवी. प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आठवड्याचे ठरलेले दिवस बालफिजिओथेरपिस्ट हवा. पट्टा मुलाच्या वाढीप्रमाणे बदलून मिळायला हवा. माहिती अधिकारात विचारा : आपल्या प्रभागातल्या अंगणवाड्यांत तपासणी पथक शेवटचे कधी आले, किती मुले पुढे पाठवली, किती मुलांवर उपचार चालू आहेत.

आणि सरकारची वाट पाहत बसायचे नसेल तर विहार आहे. आपले विहार रविवारची वंदना सोडली तर आठवडाभर बहुधा कुलूपबंद असते. तिथे एक सतरंजी, दोन समांतर बांबू आणि आठवड्यातून दोनदा येणारा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, एवढ्यावर सुरुवात होते. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च कमिटीने एकदा या हिशेबाने मांडून पाहावा. रोज उभे राहणे, चढणे, चवडे उचलणे, खेळणे, हे सगळे मुलाने समजत्या माणसाच्या देखरेखीखाली करायचे असते. नुसते धरून ताणल्याने फारसे साधत नाही.

तरुणांनो, वस्तीत डोळे उघडे ठेवा. मूल वर्षाचे होण्याआधीच एकच हात वापरत असेल, उचलल्यावर पाय कात्रीसारखे अडकत असतील, आधाराने उभे केले की टाच टेकत नसेल, आठ-नऊ महिन्यांनंतरही बसत नसेल, तर "उशिरा चालेल" म्हणू नका. त्या आईबरोबर दवाखान्यात जा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरून द्या, निरामयचा फॉर्म भरून द्या. भाषण कमी केले तरी चालेल, पण एका आईचा एक खाडा वाचवा.

बाबासाहेबांनी आपल्याला ताठ मानेने उभे राहायला शिकवले. आपल्या वस्तीतल्या काही लेकरांना उभे राहायला टाच टेकावी लागते. ती टेकली पाहिजे, ही दयेची नव्हे, हक्काची मागणी आहे, आणि ती मागायची वेळ मुलाच्या सहाव्या वर्षी नाही, सव्वाव्या वर्षी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!